माडी चाकावर

३ ऑगस्ट

रस्त्याचा सुपरवायझर परत आलता. पोरगेला हाय, बोलायला लई गोड. वर खिडकीपाशी बसून पिठलं-भाकरी खाल्ली, ताक मागून घेतलं, आणि हात धुता धुता म्हणाला, "काकू, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माडी हलवा. न्हाई तर आमाला जागेवरच कापावी लागंल." खाल्ल्या घरचे वासे मोजतो मेला.

मुंबईत सगळं आयुष्य काढून मांजरसुंब्याला आलेली डबलडेकर बस ही. मामंजींनी आणली. वर मजला म्हणून सगळा गाव तिला माडी म्हणतो. खाली माझी चूल, वर जेवणारे. ट्रकवाले लांबून हॉर्न देऊन विचारतात, माडीवर जागा हाय का. कपिलधारच्या यात्रेत जिन्यावर रांग लागते. आणि हा म्हणतो कापू.

जागा मागंच रस्त्यात गेली, त्याचं रडगाणं न्हाई. केजच्या अलीकडं रोडला लागून आपली जमीन हाय, खानावळ तिकडं न्यायची हे ठरलेलंच. पण माडीशिवाय कसली खानावळ? पत्र्याच्या शेडात भाकरी कुणीपण विकतं.

ह्यांना सांगितलं. "बघू," म्हणाले. लग्न झाल्यापासून हाच शब्द ऐकते.

उद्या: ज्वारीचं दळण, तेलाचा डबा, क्रेनवाल्याला फोन.

४ ऑगस्ट

क्रेनवाला येऊन गेला. खाली वाकून बघितलं, ठोकून बघितलं. पट्ट्यावर लटकवली तर कमरेतून मोडंल म्हणतो. ट्रेलरवर चढवली तर इतकी उंच होईल की वायरीखालून जाणार न्हाई. म्हणजे न्यायची तर तिनं स्वतःच्या चाकांवर जायचं. आणि चाकं आम्हीच सिमेंटच्या कट्ट्यात गाडून ठेवलेली, टायर सडून चिंध्या झालेले.

जेवण करून, पैसे न देता गेला.

६ ऑगस्ट

धाकटे दीर आले बीडहून. नारायण भाऊजी. सोबत भंगारवाला. तो माडीच्या पोटावर थापा मारून बघत होता, बैलबाजारात बघतात तसा. मी भाकरी थापताथापता बघितलं आणि परात आपटली.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं जागची हलली न्हाई ती. आता काय चालणार हाय? कटर लागण्याआधी देऊन टाकू, सुंठीवाचून खोकला जाईल."

"कावून देऊ? तुमच्या वडिलांनी आणलेली हाय."

"म्हणून काय डोक्यावर घेऊन जाणार का केजला?"

"घेऊन जाईन," म्हणलं.

तोंडातून निघून गेलं. सासूबाई कोपऱ्यात मिश्री लावत बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि चूळ भरली. हे ताटं पुसत होते. पुसतच राहिले. अंगाची लाही लाही झाली नुसती.

९ ऑगस्ट

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वर पुढच्या खिडकीत बसले.

मामंजींनी माडी आणली ती वऱ्हाडं न्यायला. वर बायका, खाली बाप्ये. माझ्या लग्नाचं वऱ्हाड उमापूरला हिच्यातूनच आलं. ड्रायव्हर आदल्या दिवशी रुसून निघून गेलता, तर नवरदेवच मुंडावळ्या बांधून स्टेरिंगवर. वेशीत वायर आडवी आली, ती बांबूनं उचलली, सगळा गाव गोळा. मैत्रिणी म्हणाल्या, सुमे, तुझा नवरा हाय का ड्रायव्हर हाय? मी लाजायचं सोडून हसतच बसले. माझा दादा तर नवरदेवाला उतरवून घ्यायचं सोडून गाडीच्या चाकाला हात लावून बघत होता.

तोच माणूस आता मोपेडवर जाताना लांब कुत्रं दिसलं तरी पाय टेकवतो. पुढं परमिटच्या भानगडी झाल्या, वऱ्हाडं बंद पडली, मामंजी गेले, आणि माडीत चूल आली. ह्यांनी मोठ्या गाडीच्या स्टेरिंगला परत हात लावला न्हाई.

१२ ऑगस्ट

हमीद मेस्त्री आला बीडहून. पांढरे कपडे, कानात अत्तराचा फाया. बोलणं ऐकावं तर हैद्राबादपर्यंत एक गाडी त्याच्याशिवाय चालू होत न्हाई. आल्याआल्या म्हणाला, इंजिन जाम असणार, आशा सोडा, चहा मात्र कडक टाका.

बॉनेट उघडलं. मोठा पाना लावला आणि जोर लावायला पाय रोवला. पाना सुर्रकन फिरला आणि मेस्त्री पांढऱ्या कपड्यांसकट बुडावर.  मग म्हणतो, "भाभी, इंजन मरा नै, सो रा."

आता ह्याचं कारण लिहून ठेवते. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाड, तराजू, माझी परात, आणि माडीचं इंजिन. सासूबाईंचा नियम असा की नारळ फोडला की ह्यांनी पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवायचं. दर वर्षी. मी दर वर्षी ओरडायचे, पुरण गार होतंय, सोडा ते मेलेलं इंजिन.

मेस्त्रीनं विचारलं, आम्मा, हे कुणी सांगितलं तुम्हाला? सासूबाई म्हणाल्या, "सांगाया कशाला पायजे? नुस्तं कुकू लावून हत्यार जागं राहतंय व्हय? त्याला हलवाया लागतंय."

संध्याकाळपर्यंत मेस्त्री चौकात सांगत होता की इंजिन त्यानं हात लावल्यामुळं सुटलं. सांगू दे.

१७ ऑगस्ट

कट्टा फोडला. आम्हीच बांधलेला, आम्हीच घाम गाळून फोडला.

टायरचा प्रश्न दादानं सोडवला. उमापूरला त्याच्या उसाच्या ट्रका पावसाळ्यात उभ्याच असतात. सकाळी टेम्पोत टायर घालून आला. म्हणाला, "सुमे, एक अट हाय. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात कारखान्याला. तवा टायर परत. रडायचं न्हाई."

"मी कवा रडले?"

"पाठवणीला. ह्याच गाडीत. खिडकीतनं आवाज येत होता."

ह्यांच्या तोंडावर हसू आलं. किती दिवसांनी. चाकं बसली, माडी जमिनीवरून वर आली, तर खालून उंदराची बिळं, दोन चमचे आणि मामंजींचा हरवलेला अडकित्ता निघाला. सासूबाईंनी अडकित्ता पदरानं पुसून कमरेला लावला.

२२ ऑगस्ट, पोळा

चालू झाली. माडी चालू झाली.

मेस्त्रीनं डिझेलचा पंप बीडला नेऊन नवा करून आणला, नळ्या बदलल्या, बॅटरी चढवली. वेळ बघितली तर नेमकी बैल मिरवायची. सेल्फ मारला, कण्हली. परत मारला, खोकली. मग जो काळा धूर सोडला, मारुतीच्या देवळापर्यंत काही दिसेना. आवाज असा की शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल चौखूर उधळले. कुणाचा बाशिंग बांधलेला बैल थेट आमच्या पाणपोईत. मालकांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या न्हाईत. मी एकेकाला पुरणाची पोळी देऊन गप्प केलं. माझ्या तोंडावरचं हसू काही जाईना, त्यामुळं त्यांना जास्तच राग येत होता.

हे इंजिनाला कान लावून उभे होते. म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा आवाज तसाच हाय. पहिल्यापासून असाच होता." एवढं मोठं वाक्य बऱ्याच दिवसांनी बोलले.

भाऊजींना फोन करून इंजिनाचा आवाज ऐकवला. म्हणाले रेंज न्हाई.

२५ ऑगस्ट

फजिती.

बीडचा एक ड्रायव्हर ठरवला. आला, गॉगल घालून बसला, गिअर टाकला. माडी खड्ड्यातून वर आली, रोडकडं वळली आणि डावीकडं जी कलली, बाया किंचाळल्या, मी डोळे मिटले. ड्रायव्हरनं ब्रेक मारून दारातून उडीच टाकली. "ही गाडी न्हाई, उंट हाय," म्हणाला आणि गेला, परत फोनसुद्धा उचलत न्हाई.

मेस्त्री रागानं लाल. "ऊपर क्या रखे तुम लोगाँ?"

काही न्हाई म्हणलं. टेबलं तर आधीच उतरवली. तो वर गेला. वरून नुस्ता हसायचा आवाज. शहाबादी फरशी. वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शहाबादी फरशी, सिमेंटात पक्की बसवलेली. मामंजींनी घातली होती. माडी म्हणली की फरशी पायजे, पुसायला बरी पडते, हे त्यांचं म्हणणं. तवा सगळ्यांनी कौतुक केलं. मीपण केलं. रोज पुसत आले आणि एकदा मनात आलं न्हाई की बसच्या डोक्यावर दगड ठेवलेत. अख्ख्या जगात कुणी केलं नसंल ते आमच्या घरानं केलं.

सासूबाई म्हणाल्या, "फरशी चांगली हाय. फोडू नका, सोडवा."

३१ ऑगस्ट

गणपती बसले, खानावळ बंद, आमचं फरशी सोडवणं चालू. हे छिन्नी-हातोडा घेऊन सकाळपासून वर. एकेक फरशी अख्खी निघते, खाली आम्ही झेलतो. केजला ओट्याला होतील.

गौरीसाठी भाऊजी आले. बघून म्हणाले, "बरं झालं, भंगाराला हलकी पडंल." मी त्यांच्या हातात घमेलं दिलं. काय करतात, वहिनीपुढं बोलता येईना. दुपारपर्यंत पांढरी पँट गेली कामातून. संध्याकाळी बघते तर स्वतःहून एक फरशी धुऊन भिंतीला टेकवत होते. तिच्यावर लहानपणी त्यांनी खिळ्यानं नाव कोरलेलं. माझ्याशी बोलले न्हाईत, पण भंगारवाल्याचा फोन आला तो कट केला.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. मंडळाच्या पोरांना बोलावलं. मिरवणुकीत उंच गणपतीपुढं बेळकं, म्हणजे टोकाला फाटा असलेला बांबू, लावून वायरी उचलतात तीच टोळी. म्हणलं, एक मिरवणूक राहिलीय अजून. पोरं खूश. लाईनमन आणि पोलिसांना सांगून ठेवलं.

सगळं तयार. ड्रायव्हर न्हाई. चार जणांना विचारलं. उंटाची गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचलीय.

८ सप्टेंबर

आज घरात वाजलं.

सुपरवायझरनं गॅस कटर आणून समोर ठेवलाय. चांगला हाय बिचारा, म्हणतो काकू माझ्या हातात असतं तर. भाऊजी म्हणाले, आजपासून पितृपंधरवडा लागला, आता काही हलवायचं न्हाई, अशुभ असतं. आणि पंधरवडा संपेपर्यंत मुदत संपली. म्हणजे झालं.

सासूबाई इतके दिवस ह्या वादात पडल्या नव्हत्या. आज अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "नारायणा, गाडी कुणाची? तुज्या बापाची. मग बापाच्या पंधरवड्यात न्हाई हलवायची तर कवा हलवायची? ह्याच्याहून चांगला मुहूर्त तुला कुठला बामन काढून देनार हाय?"

भाऊजींनी सुपारीचं खांड उचलून तोंडात टाकलं. 

मग सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "बघू."

माझा तोल गेला. म्हणलं, आवं किती बघायचं? बघता बघता केस पिकले. मुंडावळ्या बांधून उमापूरपर्यंत आणली तवा कुठं बघत बसला होता? तवा भ्या वाटलं न्हाई, आता काय झालं? कापली तर मी त्या कटरपुढं बसते, मग तुमी बघा. सगळ्यांपुढं बोलले. बोलायला नको होतं असं अजून तरी वाटत न्हाई.

हे उठून बाहेर गेले.

९ सप्टेंबर

सकाळी चूल पेटवायला गेले तर माडीच्या केबिनमध्ये हे. डोळे मिटलेले. पायानं क्लच दाबतात, सोडतात, परत दाबतात. हात गिअरवर. ओठ हलत होते. मी आवाज केला न्हाई. चहा ठेवला पायरीवर आणि आले.

११ सप्टेंबर

पोचलो. माडी केजच्या मातीत स्वतःच्या चाकांवर उभी हाय. लई रात्र झालीय, उद्या लिहीन.

१२ सप्टेंबर

सगळं लिहिते, काही विसरायचं न्हाई.

मामंजींच्या फोटोला हार घालून फोटो पुढच्या काचेत ठेवला. मेस्त्रीनं बजावलं, वर कुणी बसायचं न्हाई. वर बघतो तर सासूबाई पुढच्या सीटवर, पिशवी मांडीवर, पदर खोचलेला. आम्मा उतरा म्हणाला. "मी काय फरशी हाय का?" म्हणाल्या. तो खाली उतरला. मग त्यांना धरायला म्हणून मी पण वर. कोण सोडतंय.

ह्यांनी पांढरा शर्ट घातला होता. स्टेरिंगला हात जोडले, सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात घेतलं. माडी वळली.  कलली न्हाई. सरळ रोडला लागली आणि मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकवाल्यांनी जे हॉर्न धरले ते आम्ही दिसेनासे होईपर्यंत सोडले न्हाईत. सुपरवायझर मोबाइल धरून पळत होता मागून. कटर तिथंच पडलेला.

पुढं मोटारसायकलवर कोण? नारायण भाऊजी. लाल गमछा फिरवत, "बाजूला व्हा, माडी येतीय." जसं काही पहिल्यापासून त्यांचीच आयडिया. मला इतकं हसू आलं.

नेकनूरला वायरी. पोरं बेळकी घेऊन पुढं पळायची, "उचल, उचल, धर, जाऊ दे," आणि माडी खालून मान न वाकवता जायची. दुकानदार गल्ला सोडून बाहेर. एक म्हातारा रस्त्याच्या कडंला टोपी काढून उभा होता. ओरडून म्हणाला, मी गेलतो हिच्यात वऱ्हाडाला. सासूबाईंनी वरून हात हलवला, पुढाऱ्यासारखा.

घाटाच्या उतारावर मात्र मी पुढची दांडी घट्ट धरली. हवेचे ब्रेक नवेच बसवलेले, भरवसा कुणाला? मी देवाचं नाव घ्यायला लागले. ह्यांनी वरच गाडी थांबवली, खालच्या गिअरमध्ये टाकली आणि अशी उतरवली, अशी उतरवली, सासूबाईंच्या मांडीवरचा पाण्याचा तांब्या हिंदकळला न्हाई. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजत होते. ह्यांनी एकदाही घाई केली न्हाई. मोपेडवर पाय टेकवणारा माणूस हा.

खाली आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याचा बाप असाच उतरवायचा." आणि मग डोळे पुसले. मी पण. दादा म्हणतो मी रडते ते खरं हाय.

केजच्या अलीकडं शेतात वळवली, इंजिन बंद केलं. हे खाली उतरले. शर्ट घामानं भिजलेला. माझ्याकडं बघून म्हणाले, "बघितलं का?"

बघितलं, म्हणलं.

२० सप्टेंबर

चूल मांडली. फरशीचा ओटा झाला, भाऊजींच्या नावाची फरशी पायरीला. गिऱ्हाईक सोडून बघायला येणारीच जास्त. बघायला फुकट, पण चहा घ्यावाच लागतो असा नियम केलाय.

हे रोज सकाळी इंजिन चालू करून बसतात. डिझेल जळतंय म्हणलं तर ऐकू येत न्हाई म्हणतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

विळे, परात, तराजू मांडले. इंजिनाला कुंकू, नारळ. ह्यांनी सवयीनं पाना घेतला. सासूबाई म्हणाल्या, "ठिव त्यो. जागं हाय ते." पाना पाटावर ठेवून त्यालाच हळद-कुंकू वाहिलं.

पुरण गार झालं. मी काही बोलले न्हाई.

५ ऑक्टोबर

दादा आला उमापूरहून. टेम्पो रिकामा, हातात जॅक. बोललेलं होतं, दसरा झाला. मी म्हणलं घे बाबा, शब्द म्हणजे शब्द. वळून चुलीत लाकूड सारलं.

त्यानं मागच्या चाकाला जॅक लावला. वरून सासूबाई म्हणाल्या, "आधी जेव, मग बाकीचं." वर गेला. पुढच्या खिडकीत बसून जेवला, मग तिथंच बसून राहिला. खाली आला, चाकाला हात लावून उभा. माझ्या लग्नात लावला होता तसाच.

"सुमे, तुळशीच्या लग्नानंतर माझ्या पोरीचं लग्न धरलंय," म्हणाला.

"माहीत हाय की."

"पोरगी म्हणते पाठवणी माडीतून. आत्या गेली तशी."

मी म्हणलं, अरे पासिंग न्हाई, परमिट न्हाई, कागद किती वर्षांचे जुने. आरटीओवाले दारात तरी उभं करतील का? मेस्त्री म्हणतो होईल. भाऊजी म्हणतात साहेबांना भेटतो. होईल का न्हाई, खरं कुणालाच माहीत न्हाई. दादाच्या पण ट्रका टायरावाचून उभ्या. त्यानं ह्यांच्याकडं बघितलं. मी पण बघितलं, आता येईल तो शब्द म्हणून.

आला न्हाई.

जॅक ह्यांनी चाकाखालून काढून ठेवलाय. दादा बाजंवर झोपलाय. आणि हे आंघोळ करून पांढरा शर्ट घालून निघालेत, काखेत माडीच्या कागदांची पिशवी. कुठं म्हणलं तर नुस्ते हसले. मोपेड दारातच उभी हाय. माडीची चावी खिळ्यावर न्हाई.